अर्ध्या दिवसाची दुबई

‘या वीकेण्डला काय?’ गुरुवार उजाडला की हा प्रश्न ऑफिसच्या पँट्रीत चहाच्या कपाबरोबर फिरायला लागतो. उत्तरंही ठरलेली. मॉल. नाहीतर दुसरा मॉल. कुणाच्या तरी घरी बिर्याणी. भारतातून कुणाचे सासू-सासरे आलेले असतील तर बुर्ज खलिफासमोरचं कारंजं, सातव्यांदा! आणि मग हमखास कुणीतरी सुस्कारा सोडतं, ‘दुबईत आता बघायला उरलंय काय यार?’

बॉस, भरपूर उरलंय. संपलीय ती फक्त आपली यादी. ती आपण इथे आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत केलेली असते, घरी फोटो पाठवण्यासाठी. डेझर्ट सफारी, धाऊ क्रूझ, दुबई फ्रेम, झालं! ही पाहुण्यांची यादी. इथे राहणाऱ्या माणसाची यादी वेगळी असते, आणि ती करायचं मात्र आपण विसरतो.

आता अख्खा दिवस कुणाकडे आहे म्हणा! १ जानेवारी २०२२पासून इथला सरकारी वीकेण्ड शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाला, शुक्रवार अर्धा झाला. कुणाला ती शुक्रवारची दुपार मिळते, कुणाचा शनिवारही ऑफिसातच जातो. उरलेल्या वेळात कपडे धुणं, आठवड्याचं सामान, घरी आईला लांबलचक फोन. पण चार-पाच तास कुठून तरी निघतातच. तेवढे पुरतात.

माझा फण्डा सोपा आहे. एका वेळी एकच भाग. जमेल तिथे गाडी घरी आणि मेट्रो. आणि ऊन बघून निघायचं. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे कायद्यानं बंदी आहे. ज्या वेळात बांधकामावरच्या माणसानंही उन्हात उभं राहू नये, त्या वेळात आपण हौसेनं कशाला भाजून घ्यायचं? नोव्हेंबर ते मार्च हा आपला खरा सीझन. बाकीच्या महिन्यांत भल्या सकाळी, नाहीतर सूर्य कलल्यावर.

खाडीचे दोन काठ

शनिवारी सकाळी आठला मेट्रोच्या ग्रीन लाइननं अल घुबैबाला उतरा आणि खाडीच्या काठानं चालत अल फहिदीच्या गल्ल्यांत शिरा. आधी हिचं नाव बस्तकिया. इराणमधल्या बस्तक गावाकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेली वस्ती, म्हणून बस्तकिया. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, अरुंद बोळ आणि घरांच्या डोक्यावर चौकोनी मनोरे. हे मनोरे शोभेचे नाहीत बरं का. त्यांना म्हणतात बरजील. चारही बाजूंनी उघडे असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी तो पकडून खालच्या खोलीत सोडायचा, हे त्यांचं काम. वीज नव्हती तेव्हाचा एसी! एखाद्या बरजीलच्या बरोबर खाली जाऊन उभे राहा, फरक अंगाला कळतो.

ही वस्ती १९८०च्या दशकात पाडायला काढली होती, बराचसा भाग गेलाही. तिथेच राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश आर्किटेक्टनं ती वाचवण्यासाठी खटपट केली, १९८९ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स इथे येऊन गेले, आणि उरलेली घरं राहिली. आज आपण तिथे पुदिन्याचा चहा पितो तो या खटपटीमुळे. जवळच जुन्या गावकुसाच्या भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे, साधारण १८००च्या सुमाराचा. लोक त्याच्याकडे न बघताच पुढे जातात. तुम्ही बघा. कधीकाळी अख्खी बर दुबई या भिंतीच्या आत मावत होती.

दहाच्या सुमाराला कापडबाजार उघडतो. तिथून मागच्या चिंचोळ्या गल्लीत फुलांचे हार, उदबत्त्या, नारळ. इथल्या शंकराच्या देवळात आपल्यातल्या कित्येकांनी महाशिवरात्रीला रांग लावलेली आहे. ते देऊळ आणि गुरुदरबार जानेवारी २०२४मध्ये जेबेल अलीला हलवले गेले. नवीन जागा ऐसपैस आहे, पार्किंगही आहे. पण गल्लीतली ती चेंगराचेंगरी आणि चपलांचा ढीग आता आठवणीतच.

मग अब्रा. एक दिरहम, पाचेक मिनिटं, आणि तुम्ही देराच्या काठावर. समोर मसालाबाजार. सुकवलेली काळी लिंबं, केशर, लुबान नावाचा धुपाचा डिंक. दुकानदार तुमचं तोंड बघूनच हिंदीत सुरू होतो. त्याचं आश्चर्य वाटायला नको. १९६६पर्यंत या गावात व्यवहार रुपयांतच व्हायचा. १९५९पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. आपण इथे काल-परवा आलो असं वाटतं ना? आपला रुपया कितीतरी आधी येऊन गेलाय!

थोडं आत चाललात तर अल अहमदिया शाळेची जुनी इमारत लागते. १९१२ साली एका मोती व्यापाऱ्यानं सुरू केलेली, दुबईतली पहिली शाळा. बाहेरून बघितलीत तरी चालेल. अल रास मेट्रो तिथून जवळच. एक वाजायच्या आत घरी, वरणभात तुमची वाट बघतोय.

सुरमईचं अरबी नाव

मालवण, रत्नागिरी, अलिबागवाल्यांनी देराचा वॉटरफ्रंट मार्केट बघितला नसेल तर कमाल आहे. जुना मासळीबाजार २०१७मध्ये इथे आला. आता सगळं चकाचक, एसीमध्ये. सुरमईला इथे कनद म्हणतात. हामूर तर हॉटेलच्या मेन्यूवर रोजच भेटतो, इथे तो अख्खा बघा. सकाळी लवकर जा, भाव करा, दुसऱ्या काउंटरवर साफ करून घ्या. तास-दीड तासाचं काम, पण घरी पोचल्यावर जे होतं ते मॉलच्या फूड कोर्टात होत नाही.

शमीच्या सावलीत

ही माझी सगळ्यात लाडकी जागा. मुशरिफ पार्क. विमानतळाच्या पलीकडे, खवानीजच्या बाजूला, वाळूतच वाढलेलं गाफ झाडांचं रान. गाफ हे इथलं राष्ट्रीय झाड, २००८ साली तसं जाहीर झालं. २०१९ हे वर्ष या देशानं सहिष्णुतेचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा बोधचिन्हातही हेच झाड होतं. आता गंमत ऐका. गाफ म्हणजे राजस्थानची खेजडी. आणि खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रं लपवली, तीच ती. दसऱ्याला मोबाइलवर आपट्याच्या पानांचे फोटो एकमेकांना पाठवत बसतो आपण, आणि खरी शमी इथे अर्ध्या तासावर उभी असते. कुणी आणून लावलेली नाही, इथल्याच मातीची.

मुळं पार खोल पाण्यापर्यंत जातात, म्हणून वर पाऊस नसला तरी झाड हिरवं. पार्कमध्ये चालायच्या वाटा आहेत, सायकलवाल्यांसाठी वेगळा ट्रॅक आहे. सकाळी सातला जा, डब्यात पोहे न्या, एका झाडाखाली चटई टाका. फोन बंद. बास.

रोहित आले का?

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला नवी मुंबईतली मंडळी बोटीनं जातात. आपल्याकडे ते हमरस्त्याच्या कडेला येतात. रास अल खोरचं पक्षी अभयारण्य, २००७पासून रामसर यादीतली पाणथळ जागा. थंडीत शेकडोंनी रोहित पक्षी चिखलात चोच घालून उभे, आणि मागे बुर्ज खलिफा. निरीक्षणासाठी आडोसे बांधलेले आहेत. निघण्याआधी उघडे आहेत का आणि वेळ काय, तेवढं बघून घ्या. कॅमेरा न्या, पण पहिली दहा मिनिटं तो बाहेर काढू नका.

आणि जून-जुलैत?

अल जद्दाफ. ग्रीन लाइनच्या शेवटच्या क्रीक स्टेशनजवळ २०२२मध्ये उघडलेलं मोहम्मद बिन रशीद ग्रंथालय आहे. इमारतीचा आकार रहलसारखा, म्हणजे कुराण ठेवून वाचायच्या लाकडी घोडीसारखा. अख्खी संध्याकाळ पुस्तकांत काढा, कुणी ‘काय घेणार?’ म्हणून मागे लागत नाही. खाडीच्याच काठानं पुढे जमील आर्ट्स सेंटर, २०१८चं. तिथे तिकीट नाही. एखादं चित्र कळलं नाही तर पुढच्याकडे जा. सूर्य बुडाला की दोन्हींच्या मधला काठ चालायला झकास.

आता थोडं सीरियस. गेल्या वर्षी माझा एक मित्र सात वर्षांनी पुण्याला परत गेला. नोकरी संपली, आणि आपल्या बहुतेकांचा व्हिसा नोकरीच्या शेपटीला बांधलेला. बॅगा भरता भरता मी त्याला विचारलं, ‘जायच्या आधी कुठे जाऊन यायचंय का?’ तो विचार करत बसला. त्याला जागेचं नावच सुचेना. सात वर्षं, आणि त्याच्या डोक्यात होता घर-ऑफिस-मॉल असा एक त्रिकोण. आम्ही शेवटच्या शनिवारी खाडीवर गेलो. तो आयुष्यात पहिल्यांदा अब्रात बसला. देराला उतरलो तर म्हणाला, ‘परत जाऊ.’ बर दुबईला आलो तर म्हणाला, ‘अजून एकदा.’ चार फेऱ्या झाल्या. चार दिरहम. फोटो एकही काढला नाही त्यानं. नंतर एवढंच म्हणाला, ‘हे इथे रोजच होतं का रे?’

मी काय सांगणार? रोजच होतं.

आपण सगळेच इथे ‘थोडे दिवस’ असतो. दोन वर्षं, फारतर पाच, फ्लॅटचं लोन फिटेपर्यंत. त्यामुळे या गावाची ओळख करून घ्यायची टाळाटाळ होते. कशाला जीव लावायचा, जायचंच आहे ना! पण थोड्या दिवसांची दहा वर्षं कधी होतात, कळत नाही. ती वर्षं आपल्याच आयुष्याची असतात, खात्यात जमा होणाऱ्या पगाराबरोबर ती परत मिळत नाहीत. आणि जागाही थांबत नाहीत. देऊळ हललं, मासळीबाजार हलला, पुढे काय हलेल कुणी सांगावं?

म्हणून म्हणते, महिन्यातला एक अर्धा दिवस या गावाच्या नावावर करा. तेवढाच.

खिशात असू द्या

▪ नोल कार्डात बॅलन्स, आणि अब्रासाठी एक-एक दिरहमची नाणी.
▪ पाण्याची बाटली, टोपी, चालायचे बूट. जुन्या वस्तीत खांदे-गुडघे झाकणारे कपडे.
▪ माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत.
▪ शुक्रवारी सकाळी बाजारातली बरीच दुकानं बंद असतात. शनिवार उत्तम.
▪ एक जोडीदार. शक्यतो असा, ज्याचं ‘दुबईत बघायला काय उरलंय’ हे पालुपद आहे.