तोतया, बहुरूपी आणि रूपांतरकार

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरची चित्रे जमविणारे छंदिष्ट वाचकांच्या चांगल्या परिचयाचे असतात. आज ज्या संग्रहाविषयी आम्ही लिहिणार आहोत तो मात्र थोडा निराळा, आणि काहींच्या मते आक्षेपार्हही आहे. आमचा एक जुना विद्यार्थी हुबळीत अभियंता आहे. मोटार, विमान, मालट्रक यांचे रूप टाकून पाहता पाहता यंत्रमानव होणाऱ्या खेळण्यांनी त्याचे काचेचे कपाट भरलेले आहे, आणि त्यांतले एकही अधिकृत कंपनीचे नाही. त्याच्या वडिलांनी मध्यंतरी आम्हांस विचारले, "सर, सगळा डुप्लिकेट माल. ह्याला संग्रह म्हणायचं की चोरबाजार?" प्रश्न रोखठोक आहे, त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येण्याजोगे नाही.

प्रथम अस्सल कशास म्हणावे ते पाहू. जपानच्या टाकारा कंपनीने १९८० साली 'डायक्लोन' आणि १९८३ साली 'मायक्रो चेंज' या नावांनी खेळण्यांच्या मालिका काढल्या. त्यांतील रूप बदलणारी खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने रीतसर करार करून घेतली, त्यांना नवी नावे व नवी कथा दिली आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणली. पुढे 'जेटफायर' या नावाने निघालेले विमान तर टाकाटोकू या तिसऱ्याच कंपनीच्या साच्यातले, 'मॅक्रॉस' या जपानी चित्रमालिकेसाठी घडविलेले होते. म्हणजे ज्याला आज जग अस्सल म्हणते त्याचाही जन्म दुसऱ्याच्या घरी झाला. फरक इतकाच की, हे दत्तकविधान सर्वांदेखत, कागदोपत्री झाले होते.

आता अनधिकृत मालाकडे वळू. त्याच्या तीन जाती आम्हांस दिसतात. पहिल्या जातीत अस्सल खेळण्यावरून साचा काढतात, खोकाही तसाच छापतात, त्यावर तेच बोधचिन्ह उमटवतात आणि अस्सल म्हणून विकतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत उभा राहिलेला सुखनिधान वाचकांना आठवत असेल. १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले, आणि न. चिं. केळकरांनी पुढे त्याच विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. चेहऱ्यातले साम्य हा काही सुखनिधानाचा अपराध नव्हता. भाऊसाहेबांचे नाव सांगून लोकांची निष्ठा आणि पैसा त्याने घेतला, हा अपराध होता. पहिल्या जातीची खेळणी ही अशी तोतया होत.

दुसरी जात आपल्या जत्रांतली. सिद्धारूढ मठाच्या किंवा मुरुघा मठाच्या जत्रेत पालाखाली जो यंत्रमानव मिळतो, त्याचा रंग भलताच असतो, नाव कोणतेच नसते किंवा अगम्य असते, आणि एखादा हात उलटाही बसविलेला असतो. त्याने कोणीही फसत नाही. दारी आलेला बहुरूपी पोलिसाचा वेष घालून दम देतो तेव्हा घरची माणसे जशी हसतात आणि पैसे देतात, तसाच हा व्यवहार.

तिसरी जात सर्वांत नवी आहे. साधारण २००७-०८ पासून काही छोट्या कंपन्यांनी अधिकृत खेळण्यांना जोडावयाचे सुटे भाग काढले आणि पुढे संपूर्ण यंत्रमानवच स्वतःच्या आराखड्याने घडवावयास आरंभ केला. पात्र ओळखू येते, पण नाव निराळे असते. सांध्यांची रचना, घड्यांची योजना त्यांची स्वतःची असते. यांची किंमत पुष्कळदा अस्सल मालाहून अधिक पडते, तरीही जाणकार ती मोजतात. आमच्या विद्यार्थ्याचे कपाट मुख्यतः याच जातीचे आहे.

यांना आम्ही रूपांतरकार म्हणतो, आणि रूपांतराविषयी मराठी माणसाने नाक मुरडू नये. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाचे 'शाकुंतल' मराठी संगीतात आणले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. आपली रंगभूमी अशा उसनवारीवरच पोसली गेली.

मात्र येथे दाखला थोडा लंगडतो, हे सांगितले पाहिजे. कालिदास आणि शेक्सपिअर यांना जाऊन शतके लोटली होती. या कंपन्या ज्यांची पात्रे उचलतात त्यांचा मालक हयात आहे आणि त्याला त्यांतले काहीच मिळत नाही. कायद्याने याबाबत काही मुदती घातल्या आहेत. आपल्या देशात नोंदविलेल्या आराखड्यास १० आणि वाढवून आणखी ५ अशी १५ वर्षे संरक्षण मिळते, पेटंटास २० वर्षे. व्यापारचिन्ह मात्र दर १० वर्षांनी नूतनीकरण करीत कितीही काळ राखता येते. घडी घालण्याची जुनी युक्ती कालांतराने सर्वांची होते. नाव सर्वांचे होत नाही. म्हणून ही मंडळी नाव बदलतात. त्यांचे कसब त्यांचेच आहे, पण पात्राचे ऋण त्यांच्या माथी शिल्लक राहते.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. धारवाडहून काही तासांच्या वाटेवर, कोप्पळजवळ, किन्हाळ नावाचे गाव आहे. तेथील चित्रगार हलक्या लाकडाच्या बाहुल्या व मूर्ती घडवितात. चिंचोक्यांची खळ, भुसा आणि तागाच्या चिंध्या यांच्या लगद्याने त्यांना आकार देतात आणि मग रंगवितात. या कामास भौगोलिक मानांकन आहे. उद्या कोणी ही बाहुली प्लॅस्टिकच्या साच्यातून हजारांनी काढून 'किन्हाळ' म्हणून विकली, तर त्या कारागिराच्या घरी चूल पेटणार नाही. बलाढ्य कंपनीची नक्कल झाली की आपण मिश्किलपणे हसतो. गरीब कारागिराची झाली की संतापतो. हा भेद माणुसकीचा आहे, परंतु न्यायाचे माप दोन्हीकडे एकच ठेवावे लागेल. त्याच कोप्पळ जिल्ह्यात भानापूर येथे सुमारे ४०० एकरांवर खेळण्यांचे उद्योगसंकुल उभारले जात आहे. आज आमच्या शाळेत शिकणारी मुले उद्या तेथे नवे आराखडे काढतील. दुसऱ्याचे नाव राखावयास ती आज शिकली नाहीत, तर उद्या त्यांचे नाव कोण राखणार?

परंतु याच न्यायाने लहान मुलांना हिणवू नये. गेल्या जत्रेनंतर आमच्या शाळेत एका मुलाच्या हातातील यंत्रमानव पाहून सोबत्यांनी "डुप्लिकेट, डुप्लिकेट" असा गिल्ला केला. मुलगा रडवेला झाला. आम्ही वर्गात तेच खेळणे सर्वांच्या हाती फिरविले आणि त्याची मोटार करून दाखवा म्हटले. ते जमले फक्त त्यालाच, आणि तेही न पाहता. बापाने मजुरीतून घेतलेल्या वस्तूवरून मुलाची किंमत करावयाची नसते, एवढे त्या दिवशी वर्गास कळले असावे. एक दक्षता मात्र पालकांनी घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. ज्यावर ते नाही, त्याच्या रंगाचा आणि सुट्या तुकड्यांचा भरवसा नसतो; तान्ह्या मुलाच्या तोंडी ते जाऊ देऊ नये.

राहिला त्या वडिलांचा प्रश्न. आम्ही त्यांना सांगितले की, संग्रह चोरीचा की अभ्यासाचा, हे संग्राहकाच्या नोंदवहीवरून ठरते. प्रत्येक खेळण्यापुढे ते खरोखर कोणी घडविले, कोणत्या मूळ वस्तूवरून घडविले, मुळात व त्यात फरक काय, हे लिहिलेले असावे. अशा नोंदींतून ज्ञानही हाती लागते. उदाहरणार्थ, काही जुन्या अस्सल खेळण्यांतील सोनेरी झाक असलेले प्लॅस्टिक वर्षे लोटल्यावर इतके ठिसूळ होते की हात लावताच तुकडे पडतात. दुसऱ्या प्लॅस्टिकात ओतलेली त्यांची नक्कल मात्र धड राहते. तोतया माल विकत घेऊ नये, चुकून आलाच तर त्यावर तसे लिहून ठेवावे. आणि पुढेमागे एखादी वस्तू विकावयाची झाली, तर घेणाऱ्याने विचारण्यापूर्वीच ती अनधिकृत असल्याचे सांगावे, आणि भाव त्यानंतर ठरवावा.