नवी रायफल आणि जुनी फाईल

ती रायफल मी विकत घेतली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या टिपणीच्या आधारे ती विकत घेतली गेली, तिच्यावरील वित्तीय सहमतीची सही माझी आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातील पहिला आरोपी मीच आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

दल कोणते आणि रायफल कोणत्या कंपनीची, हे सांगत नाही. सांगून काही साधणारही नाही, कारण दोष रायफलीचा नाही. ती बुलपप पद्धतीची होती, एवढे कळले म्हणजे पुरे. या पद्धतीत मॅगझिन आणि चेंबर घोड्याच्या पुढे नसून मागे, म्हणजे दस्त्याच्या पोटात असतात. त्यामुळे नळीची लांबी न घटवता एकूण लांबी घटते. आपली इन्सास रायफल सुमारे ९६० मिलिमीटर लांब आहे आणि तिची नळी ४६४ मिलिमीटरची. इस्रायलच्या तावोर या बुलपप रायफलीची नळी जवळजवळ तेवढीच, ४६० मिलिमीटरची. परंतु संपूर्ण रायफल अवघी ७२० मिलिमीटरची. वाहनातून उड्या टाकणाऱ्या, अरुंद घरांत शिरणाऱ्या जवानाला ही वीतभर लांबी किती मोलाची आहे, हे कोणालाही पटेल. मलाही पटले होते. फाईलवर तसे लिहिलेही होते.

खरेदीनंतर काही महिन्यांनी कामानिमित्त मध्य भारतातील एका जंगलपट्ट्यातील तळावर जाण्याचा योग आला. कमांडंटने अगत्याने विचारले, "सर, आपण मंजूर केलेली रायफल एकदा चालवून पाहणार का?" दिल्लीतल्या खुर्चीत बसून ज्या वस्तूवर पंधरा बैठका घेतल्या, ती मी प्रथमच हातात घेत होतो. ही गोष्ट त्या क्षणी मला विचित्र वाटली नाही, आज वाटते.

पहिला अनुभव सुखद होता. वजन खांद्याजवळ एकवटलेले असल्यामुळे रायफल होती त्याहून हलकी वाटली आणि एका हाताने तोलता आली. दुसरा अनुभव तितका सुखद नव्हता. घोडा पुढे आणि यंत्रणा मागे असल्याने दोहोंना जोडणारी लांब पट्टी मध्ये असते. तिच्यामुळे घोडा ओढताना बोटाला एक प्रकारचा पिळपिळीतपणा जाणवतो. चेंबर गालापाशी असल्याने आवाज कानाजवळच फुटतो. मॅगझिन बदलताना हात जवळजवळ काखेपाशी न्यावा लागतो, आणि सवय नसलेला माणूस त्या वेळी हमखास मान खाली घालून पाहतो. दहा गोळ्या झाडून मी समाधानाने रायफल परत केली. हे सारे सरावाने जमेल, असे माझे मत झाले. आणि तेवढ्यापुरते ते चूकही नव्हते.

रायफल परत घेणारा जवान सातारा जिल्ह्यातला निघाला. मराठी ऐकून त्याचा संकोच थोडा सैल झाला. "कशी वाटते?" असे मी विचारले. तो म्हणाला, "रायफल चांगली आहे साहेब. पण मी डावखुरा आहे."

मला अर्थ लागला नाही. त्याने रायफल डाव्या खांद्याला लावून दाखवली. रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी खिडकी नेमकी त्याच्या गालाला आणि ओठांना भिडली. साध्या रायफलीत ही खिडकी चेहऱ्याच्या बरीच पुढे असते. त्यामुळे डावखुरा जवान तिच्याशी निभावून नेतो. बुलपपमध्ये तापलेली पितळी पुंगळी तोंडावरच येणार. वर्षानुवर्षे इन्सास डाव्या खांद्यावरून चालवून चांगली चांदमारी करणारा हा जवान गेले काही महिने उजव्या खांद्याचा सराव करीत होता. निशाण पूर्वीसारखे लागत नाही, हे त्याने तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावे तसे सांगितले.

"डावखुऱ्यांसाठी वेगळा बोल्ट मिळतो ना?" मी विचारले. या रायफलीत तो बसवून पुंगळीची वाट डावीकडे वळवता येत होती, हे मला ठाऊक होते. कसे ठाऊक होते, ते त्याच्या उत्तराने आठवले.

"मिळतो म्हणतात साहेब. आपल्याकडे आला नाही."

तो आला नाही, कारण मी तो कापला होता. पुरवठादाराच्या देकारात ते संच 'वैकल्पिक' म्हणून नोंदलेले होते. ज्याला आम्ही क्यूआर म्हणतो त्या गुणात्मक आवश्यकतांच्या यादीत त्यांचा उल्लेख नव्हता. जे यादीत नाही त्यावर खर्च का, असा प्रश्न मी टिपणीत उपस्थित केला. उत्तर आले नाही, बाब वगळली गेली आणि ती बचत म्हणून नोंदली गेली. माझे कौतुकही झाले. माणसांत साधारण दहातला एक डावखुरा असतो, हे मला शाळेपासून माहीत होते. बाजार, मागणी, पसंती या विषयांवर दोन वर्षे घासून मी अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. परंतु वस्तू वापरणाऱ्याला हात असतात आणि ते सर्वांचे सारखे नसतात, हे त्या टिपणीत मला सुचले नाही.

आता कोणी म्हणेल, दहातल्या एकाचा प्रश्न आहे, संच मागवा आणि विषय संपवा. परंतु त्या जवानाने पुढे जे सांगितले त्याने विषय संपत नाही, सुरू होतो. तो म्हणाला, "साहेब, घराच्या डाव्या कोपऱ्याआडून बघायचं तर उजव्या हाताचा माणूसपण रायफल डाव्या खांद्यावर घेतो. नाहीतर अर्धं अंग बाहेर काढावं लागतं." म्हणजे ही अडचण केवळ डावखुऱ्यांची नाही, घरात शिरणाऱ्या प्रत्येकाची आहे. आणि बोल्ट काही दर कोपऱ्यावर बदलता येत नाही. जी रायफल आम्ही अरुंद जागी सोयीची म्हणून घेतली, ती अरुंद जागीच खांदा बदलू देत नव्हती. हा गुणदोषांचा सौदा आहे आणि तो विचारपूर्वक पत्करताही येतो. पुंगळी पुढे किंवा खाली टाकणाऱ्या बुलपप रायफलीही जगात बनल्या आहेत. माझा आक्षेप एवढाच, की आमच्या फाईलमध्ये हा सौदा कोणी मांडलाच नव्हता. लांबी मिलिमीटरमध्ये होती, वजन ग्रॅममध्ये होते, किंमत रुपये-पैशांत होती. कोपरा कुठेच नव्हता.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनने १९८५ साली एल-८५ ही बुलपप रायफल सेवेत आणली. ती डाव्या खांद्यावरून चालवताच येत नाही. म्हणून ब्रिटिश सैन्याने डावखुऱ्यांसह सर्वांना उजव्या खांद्याचेच शिक्षण देण्याचा निर्णय घेतला. निर्णय कठोर असेल, पण तो निर्णय होता. त्याच रायफलीतील इतर दोष मात्र १९९१ च्या आखाती युद्धात वाळूत उघडे पडले, आणि अखेर २००० नंतर सुमारे २ लाख रायफली जर्मन कंपनीकडून दुरुस्त करून घ्याव्या लागल्या. त्यावर ९ कोटी पौंडांच्या आसपास खर्च झाला. आपल्या इन्सासची कहाणी याहून फार निराळी नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात, कडाक्याच्या थंडीत, तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. रायफल पुण्याच्या संस्थेने आखलेली, कारखाने आपले, अभिमान आपला. पण द्रास-बटालिकच्या उंचीवर मॅगझिनचे काय होईल, याचे उत्तर युद्धाने दिले, चाचणीने नव्हे.

म्हणूनच 'स्वदेशी की विदेशी' या वादाचा मला कंटाळा आला आहे. दोन्ही बाजूंचे लोक रायफलीवरचा शिक्का वाचतात. तिच्या मागे उभा असलेला माणूस दोघांनाही दिसत नाही. विदेशी वस्तू आणली म्हणजे विचार करण्याची जबाबदारी संपली असे एकाला वाटते, स्वदेशी वस्तू बनवली म्हणजे चाचणी घेणे हा अपमान आहे असे दुसऱ्याला वाटते.

कागदावर सर्वगुणसंपन्न वस्तू मागण्याचा हव्यासही याच आजाराचे दुसरे लक्षण आहे. २०११ साली भूदलासाठी अशी रायफल मागवण्यात आली, की जी नळी बदलून दोन निराळ्या जातींच्या गोळ्या झाडील. चार वर्षे कागद फिरले आणि २०१५ साली ती निविदा रद्द झाली. त्यानंतर २०१९ साली ७.६२×५१ गोळीच्या ७२,४०० अमेरिकन रायफलींचा करार झाला. २०२१ च्या डिसेंबरात ७.६२×३९ गोळीच्या, अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणाऱ्या ६ लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा, आणि ५.५६ गोळीची इन्सास होतीच. प्रत्येक खरेदीला स्वतंत्र समर्थन असेल. पण तीन जातींच्या गोळ्या, तीन प्रकारची मॅगझिने, तीन प्रकारचे सुटे भाग यांचा साठा, वाहतूक आणि प्रशिक्षण यांचा खर्च आमच्या तुलनात्मक तक्त्यात कोणत्या रकान्यात बसतो? वस्तूची किंमत म्हणजे तिच्या पहिल्या बिलाची रक्कम नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. सरकारी खरेदीत आपण ते सेवेच्या पहिल्या वर्षात विसरतो.

हे असे का होते? माणसे वाईट आहेत म्हणून नव्हे. निर्णय घेणाऱ्याला ज्या खर्चाची झळ लागत नाही, तो खर्च त्याला दिसत नाही, म्हणून. मी वाचवलेला पैसा माझ्या टिपणीत जमा झाला. त्याची किंमत एका जवानाच्या निशाणात खर्ची पडली. दोन्ही नोंदी एका वहीत कधीच येत नाहीत.

माझे सहकारी यावर दोन आक्षेप घेतील. पहिला: सर्वांत कमी बोलीचा, म्हणजे एल-वनचा, रस्ता सोडला की लेखापरीक्षण, दक्षता आयोग आणि तपास यंत्रणा दारात उभ्या राहतील. ही भीती खोटी नव्हती. परंतु हेतू शुद्ध असूनही केवळ दुसऱ्याला लाभ झाला एवढ्यावरून अधिकाऱ्याला गोवू शकणारी तरतूद २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातून गेली आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात वित्त मंत्रालयाने कामे आणि सेवांच्या बाबतीत किमतीबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट खुली केली. शिवाय मी एल-वन मोडा असे म्हणतच नाही. मी म्हणतो, बोली उघडण्यापूर्वी काय मागायचे ते नीट ठरवा. डावखुऱ्यांचे संच क्यूआरमध्ये असते, तर सर्वांत कमी बोलीतच ते आले असते आणि कोणत्याही लेखापरीक्षकाने हूं केले नसते.

दुसरा आक्षेप: जवानाचे मत व्यक्तिसापेक्ष असते, त्यावर कोट्यवधींची खरेदी कशी ठरवावी? ठरवू नये, परंतु ऐकल्याशिवायही ठरवू नये. चाचणी मंडळात उत्तम नेमबाज निवडून पाठवले जातात आणि उत्तम नेमबाज कोणत्याही रायफलीने उत्तम मारतो. मंडळापुढे सामान्य जवान यावेत: डावखुरे, बुटके, चष्मेवाले. महिला जवानही याव्यात. केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन १९८६ साली उभी राहिली. आणि बुलपपच्या दस्त्याची लांबी सहसा कमी-जास्त करता येत नाही, ही गोष्ट आखूड हातांच्या माणसालाच प्रथम कळते. त्यांनी आपला पहिला अनुभव आपल्या भाषेत लिहावा आणि तो कागद जसाच्या तसा फाईलला जोडावा. वित्त विभागाने काही वगळायचे असेल तर त्या कागदाखाली सही करून वगळावे. आणि खरेदीनंतर वर्षभराने त्याच सहीकर्त्याला ती वस्तू जिथे वापरली जाते तिथे पाठवावे. चहापानासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.

परत आल्यावर त्या संचांच्या खरेदीचा प्रस्ताव मीच उचलला. जी बाब मूळ करारात थोडक्यात आली असती तिच्यासाठी आता नवी मागणी, नवे अंदाजपत्रक, नवी समिती असे सारे व्हावे लागत आहे. टिपणीत कारण काय लिहावे, असे माझ्या हाताखालील अधिकाऱ्याने विचारले. मी म्हटले, "मूळ प्रस्तावात वित्त विभागाने चूक केली, असे लिहा." तो चपापला. असे वाक्य त्याने कधी कोणत्या फाईलवर वाचले नव्हते, असे तो म्हणाला. मीही नव्हते.