भूल आणि भाकरी

'भूल' हा शब्द मोठा खोडकर. एक अर्थ चूक. दुसरा, शस्त्रक्रियेपूर्वी देतात ती गुंगी. दुसरी देताना पहिली होऊ नये म्हणून डॉक्टरला पदवीनंतर आणखी तीन वर्षे शिकावे लागते. २०२० च्या नियमाने त्यांतले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात.

मोठे रुग्णालय सोडून जिल्ह्यात काय शिकायचे? मी म्हणतो, मराठी! भूल देताना पोट रिकामे हवे. नाहीतर उलटी फुप्फुसात उतरून जीवावर बेतते. दुधाच्या चहालासुद्धा सहा तास उलटलेले हवेत. आता मेहकराकडून बुलढाण्याला आलेल्या म्हातारीला विचारा, "आजी, जेवलात का?" ती प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल. चहा आणि त्यात बुडवलेली चतकोर भाकरी, याला आमच्याकडे जेवण कोण म्हणतो? विचारायला हवे, "आजी, सकाळपासून काय काय तोंडात टाकलंत? चहा किती वाजता घेतलात?"

२०२४ पासून बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. औषधाची मात्रा मोठ्या शहरातले प्राध्यापक शिकवतील. प्रश्न कसा विचारावा, हे मात्र अशी आजीच शिकवील. आणि या गुरुदक्षिणेत तिचाच जीव वाचेल.