मोटारीतून चढ दिसत नाही

मुलीसाठी स्थळ पाहायचं म्हटलं की आपल्याकडे घरातली सात माणसं निघतात. मुलाचा पगार विचारतात, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का बघतात, शेजाऱ्याकडे चहा घेता घेता होणाऱ्या सासूच्या स्वभावाची चौकशी करतात. एवढा खटाटोप दोन माणसांच्या संसारासाठी! आणि सतरा-अठरा वर्षांची शंभर पोरं ज्या रस्त्यावर जिवाच्या आकांताने सायकली हाणणार, तो रस्ता ठरवायला मात्र एक मोटार आणि अर्धा दिवस पुरतो.

अशा मोटारीत बसण्याचा योग मला आलेला आहे. ठाणे जिल्ह्यात कुमार गटाची अजिंक्यपद शर्यत घ्यायचं घाटत होतं. कमिटीचं नाव सांगत नाही. सगळ्या कमिट्यांचा चेहरा एकच असतो. मागे अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष, मधल्या उंचवट्यावर मी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी खजिनदार. त्या चौघांत अजून सायकल चालवणारा मी एकटाच. तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरलो, म्हणजे माझं कुणी ऐकायचं नाही हे पक्कं झालं.

"महामार्गच घ्या," अध्यक्ष म्हणाले. "शहापूर ते कसारा. सरळ, रुंद. पाहुण्यांना मुंबईहून यायलाही बरं."

सरळ आणि रुंद रस्ता सगळ्यांनाच आवडतो. नाशिकहून येणाऱ्या कंटेनरवाल्यालाही आवडतो, ही त्यातली अडचण. शिवाय सपाट रस्त्यावर सायकलीच्या शर्यतीत एक गंमत होते. पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा लागत नाही आणि दम वाचतो. म्हणून कुणी सुटून पुढे जात नाही. सगळा घोळका शेवटच्या रेषेवर एकदम येतो, एकाचं चाक दुसऱ्याला घासतं आणि दहा जण आडवे होतात. मग शर्यत कुणी जिंकली यापेक्षा सायकल कुणाची आणि पाय कुणाचा, हे आधी शोधावं लागतं. दमाने पोरं मागेपुढे व्हावीत एवढे चढ मार्गात लागतातच. म्हणजे चढ हा या शर्यतीतला परीक्षक आहे, आणि तो खुर्चीवर बसून भाषण करत नाही.

"मग माळशेज घ्या," कार्याध्यक्ष म्हणाले. "मुंबई-पुणे शर्यतीला बोरघाट आहे. तिथे घाटाचा राजा निवडतात. आपल्यालाही एक राजा हवा."

राजा मलाही हवा होता. पण मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाट चढायचा असतो. आमच्या योजनेत पोरं माळशेज चढून तोच घाट पुन्हा उतरणार होती, कारण मांडव मुरबाडला! सतरा वर्षांचा मुलगा चढावर दमतो आणि उतारावर शूर होतो. त्या वयात ब्रेक ही वस्तू दुसऱ्यांसाठी असते.

खजिनदारांनी समृद्धी महामार्ग सुचवला. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२५च्या जूनमध्ये पुरा झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. त्यावर दुचाकीला बंदी आहे, हे त्यांना सांगावं लागलं. "पण ही तर सायकल आहे!" ते म्हणाले. त्यांच्या मते बंदी पेट्रोलला असावी.

तेव्हा मी शेणव्याचं नाव काढलं. गाडीत अशी शांतता पसरली, जणू मी जेवणाच्या पंगतीत बिल मागितलं.

"शेणव्याला काय आहे?"

शेणव्याला काही नाही, हीच तर शेणव्याची थोरवी! शहापूरहून किन्हवलीकडे जाणारा रस्ता, छोटे चढ, शेतं. शेणव्याच्या आजूबाजूचे गावरस्ते जोडून बारा किलोमीटरची एक फेरी बांधा. जागतिक स्पर्धेत कुमारांना १२० ते १४० किलोमीटर आणि मुलींना ६० ते ८० किलोमीटर अंतर असतं. म्हणजे मुलांच्या दहा फेऱ्या, मुलींच्या सहा. हिशेब बोटांवर होतो.

फेरीचा फायदा असा, की पहिल्या खेपेला दिसलेला खड्डा दुसऱ्या खेपेला ओळखीचा होतो. रुग्णवाहिका कुठूनही पाच-सात मिनिटांत पोचते. एका वळणावर उभा केलेला एक हवालदार दहा वेळा कामी येतो. गावकऱ्यांना तीच पोरं दहा वेळा दिसतात, महामार्गावर एकदा दिसतात, तीही "काय गेलं रे?" म्हणेपर्यंत.

मात्र फेरी बांधायची तर गावाला विचारूनच. आठवडे बाजाराचा वार टाळा. रस्त्यावर भाताची मळणी चालू असेल ते दिवस टाळा; धान्याची पोती आणि सायकलची चाकं यांत पहिला मान पोत्यांचा. पावसाळ्याचं तर नावच नको. सकाळची एसटी जाऊ द्या, आणि कुणी आजारी पडलं तर शर्यत थांबवून वाट द्या. पाच तास गाव कोंडून ठेवायचं आणि वर त्यालाच टाळ्या वाजवायला सांगायचं, हा न्याय नव्हे.

आता हसणं थोडं बाजूला ठेवतो. २०२४च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला जागतिक स्पर्धा झाली. सायकलच्या शर्यती भरवण्यात स्विस माणसाला कोण शिकवणार? तिथे कुमार मुलींच्या शर्यतीत म्युरिएल फुरर ही त्यांचीच अठरा वर्षांची मुलगी पावसात, झाडीतल्या उतारावर पडली. ती पडल्याचं बराच वेळ कुणाला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढच्या वर्षी किगालीच्या जागतिक स्पर्धेत सायकलस्वारांचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रं आली. यंत्रं जरूर घ्यावीत. पण शेणव्यासारख्या गावात प्रत्येक वळणावर टपरी असते, टपरीवर बाकडं असतं आणि बाकड्यावर सकाळपासून एक माणूस बसलेला असतो. गावात कोण आलं, कोण गेलं, कोण पडलं हे त्याला ठाऊक असतं. त्याला एक शिट्टी आणि एक फोन नंबर द्या. निर्जन घाटात हा माणूस कुठून आणणार?

कुणी म्हणेल, गावरस्त्याला खड्डे असतात. असतात की! २०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. परदेशातून सायकलस्वार येणार म्हणून पुण्याच्या आसपासचे रस्ते गुळगुळीत करण्यात आले. चांगलं झालं. म्हणजे मनात आलं की आपल्याला खड्डे बुजवता येतात, हे सिद्ध झालं. ४३७ किलोमीटरच्या मार्गासाठी जे जमलं, ते बारा किलोमीटरसाठी जमू नये? आणि शर्यत संपल्यावर ते डांबर काही पाहुणे गुंडाळून नेणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकली जातील.

माझी मागणी एकच आहे, आणि ती नियम म्हणून लिहून घ्यावी. ज्याला मार्ग मंजूर करायचा आहे, त्याने मंजुरीच्या सहीआधी त्या मार्गाची एक फेरी सायकलवरून मारावी. वयाची सवलत नाही, पदाची नाही. चढावर उतरून सायकल ढकलली तरी चालेल, उलट बरंच. धापा टाकत वर पोचलेला माणूस आजूबाजूला बघतो. पाणी कुठे मिळतं, सावली कुठे आहे, खडी कुठे पसरली आहे आणि पडलो तर आपल्याला उचलायला कोण धावेल, हे सगळं त्याला एका फेरीत कळतं. सही त्याने त्यानंतर करावी.