भुताची जबानी

वाचकहो, आम्ही भूतखेत मानत नाही. म्हणूनच आमच्या हातातले पुस्तक पाहून आईने विचारले, "बाबासाहेबांनी हे सगळं सोडायला सांगितलं ना रे?"

पुस्तक बेन आरोनोविच यांची इंग्रजी कादंबरी, 'रिव्हर्स ऑफ लंडन' (२०११). आजचे लंडन, त्यात जादू. नायक पीटर ग्रँट साधा पोलीस शिपाई. त्याची आई आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची, साफसफाईची कामे करणारी. साहेब त्याला दुसऱ्यांची कागदपत्रे भरायला बसवणार असतात (आम्हा कारकुनांना हे वेगळे सांगायला नको!). अशात खुनाच्या जागेवर पहारा करताना साक्षीदार भेटतो, तो नेमका भूत. पीटर अंगारा शोधत नाही, जबानी घेतो. पुढे जादूने मोबाइल का बिघडतो, हेही तो प्रयोग करून तपासतो. आम्हांला तो इथेच आवडला. गोष्टीतले भूत गोष्टीतच राहते, ते नारळ-कोंबडे मागत नाही.

आणि टेम्स नदीची देवी कोण? नर्सिंग शिकायला आलेली नायजेरियन बाई!

वस्तीतली मुले आम्हांला जादूच्या गोष्टी लिहून दाखवतात. त्यांत किल्ले, राजपुत्र, विलायती नावे. झाडूवाली आई एकाही गोष्टीत नाही. बाळांनो, आपल्या नळावरची रांग आधी नीट लिहा. जादू मग तिथे आणा.

आईला आम्ही रोज थोडे मराठीत सांगतो. काल म्हणाली, "भुताचं राहू दे. त्या पोराला बढती मिळाली का?"