चेन कॅडेटनेच साफ करावी

गेल्या सत्रातील सायकल-तपासणीत ज्या कॅडेटला मी पैकीच्या पैकी गुण दिले, त्याच्याच सायकलची चेन अकरा दिवसांनी चढावर उतरली. तो सीटवरून उठून पेडल मारत होता. पाय एकदम रिकामा खाली गेला, तोल गेला आणि तो उजव्या खांद्यावर पडला. कॉलर बोन मोडले. सहा आठवडे हात झोळीत आणि बॉक्सिंगचा मोसम हुकला. मुलगा शहाणा आहे, त्याने कुणाला दोष दिला नाही. पण दोष द्यायचाच झाला तर त्याचा थोडा आणि माझा जास्त आहे. मी मडगार्ड पाहिले होते, रिमवर बोट फिरवले होते, ब्रेक दाबले होते, घंटीसुद्धा वाजवली होती. चेन कव्हरच्या आत होती. ती मी पाहिलीच नाही.

संध्याकाळी स्टोअरमध्ये ती सायकल उलटी करून मी कव्हर काढले. आत कोरडी, गंजलेली चेन निघेल अशी माझी अटकळ होती. निघाले उलटेच. चेन तेलाने माखलेली होती. तो दर रविवारी तेल घालत असे, हे त्याच्या मित्रांनी सांगितले. मात्र एकदाही पुसलेली नव्हती. तेल, धूळ, मैदानावरची बारीक रेती यांचा काळा चिकट लगदा झाला होता. बोटांत चोळला की कचकच लागत होता. कारखान्यात धातू घासायला जी पेस्ट वापरतात तीच त्याने नकळत तयार केली होती आणि दर रविवारी तिच्यात भर घातली होती.

चेन सैल झाली की आपण ‘ताणली गेली’ असे म्हणतो. पोलादाच्या पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले. सायकलची चेन आजही मुळात तीच आहे. मध्ये पिन, तिच्याभोवती बुश आणि बाहेर फिरणारा रोलर. (गिअरच्या सायकलींच्या नव्या चेनमध्ये वेगळी बुश नसते, आतल्या पट्टीच्या वळवलेल्या कडाच तिचे काम करतात.) झीज होते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये, म्हणजे डोळ्याला दिसत नाही अशा जागी. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर नव्या चेनमध्ये बरोबर अर्धा इंच असते. चोवीस सांध्यांचा एक फूट. तो फूट जर आठवा भाग इंचाने वाढला, तर प्रत्येक सांधा साधारण मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकाच झिजलेला असतो. एवढीशी झीज! पण दात्यांचे अंतर वाढत नाही, चेनचे वाढते. मग चेन दात्याच्या मुळाशी बसण्याऐवजी वर चढू लागते, आणि आपण सगळे वजन पेडलवर टाकतो नेमक्या त्याच क्षणी निसटते. त्या सायकलची चेन मी मोजली तेव्हा फुटामागे पाव इंच जास्त भरली.

तेल हवे ते या सांध्यांच्या आत. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेले तेल एकच काम करते, धूळ धरून ठेवते. रायफलच्या बाबतीत हे आपल्या मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. पुल थ्रू ओढायचा, चिंदी काळी येणे थांबेपर्यंत ओढायचा, मगच तेलाची चिंदी, आणि फायरिंगच्या आधी बॅरल पुन्हा कोरडे. आधी मळ काढायचा, मग तेल, मग जादा तेल पुसायचे, हा क्रम त्यांच्या हातात बसलेला आहे. तोच मुलगा सायकलजवळ गेला की सगळे विसरतो आणि बुधली पालथी करतो. कारण रायफल तपासणारा उस्ताद चिंदी पाहतो आणि सायकल तपासणारा मी मडगार्ड पाहतो.

आता घरी हे कसे करावे ते लिहितो. वसतिगृहात रॉकेल ठेवायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून हे सुट्टीतले काम. अंगण हवे असे नाही. गॅलरी, गच्ची, इमारतीचे पार्किंग, काहीही चालेल. खाली जुने वर्तमानपत्र, अंगात जुने कपडे, हाताशी दोन-तीन सुती फडकी, निकामी टूथब्रश आणि तेलाची लहान बुधली.

कव्हर असेल तर त्याचे स्क्रू काढा. सायकल दुहेरी स्टँडवर लावा, स्टँड नसेल तर उलटी करा. पहिले काम मोजण्याचे. फूटपट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, चेनचा वरचा भाग ताठ असू द्या आणि पुढची चोवीसावी पिन कुठे येते ते पाहा. बाराच्या खुणेवर आली तर चेन चांगली आहे. आठवा भाग इंच पुढे गेली असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, चेन बदला. गिअरच्या सायकलीत तर त्याच्या निम्म्यावरच बदलावी, म्हणजे मागचे दाते वाचतात. जुन्या, झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन घातली की तीही दात्यांवरून उड्या मारते आणि दुकानदाराने फसवले असे आपल्याला वाटते.

मग फडक्यावर थोडे रॉकेल घ्या आणि चेन त्यात धरून पेडल उलटे फिरवा. उलटे फिरवल्याने चेन फिरते, चाक फिरत नाही, आणि ते महत्त्वाचे आहे. फडके धरलेला हात खालच्या बाजूच्या चेनवर, दोन्ही चक्रांपासून दूर ठेवा. चाक जोरात फिरवून फडके लावण्याची हौस करू नका. चेन आणि चक्र यांच्यामध्ये फडके ओढले जाते आणि त्याच्या मागोमाग बोट. वर्कशॉपच्या दिवसांत मी असे एक बोट पाहिले आहे. अर्धे नख गेले तरी जवान म्हणत होता, साहेब, काही नाही.

आता घराघरांत रॉकेल नसते, याची मला कल्पना आहे. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊनही काम होते, फक्त वेळ जास्त लागतो आणि नंतर चेन पूर्ण वाळवावी लागते. पेट्रोल मात्र अजिबात नको. टूथब्रशने रोलरांच्या मधली फट, मागच्या फ्रीव्हीलचे दाते आणि पुढच्या चक्राची आतली बाजू घासा. ब्रश ओथंबलेला नको, नाहीतर रॉकेल फ्रीव्हीलच्या छर्‍यांत शिरून तिथले वंगण धुऊन काढते. डिस्क ब्रेक असेल तर त्या तबकडीवर कापड झाकून ठेवा. तिथे तेलाचा एक शिंतोडा उडाला की ब्रेक गेलाच. फडके काळे येणे कमी होईपर्यंत हे चालू ठेवा. पांढरेशुभ्र येण्याची वाट पाहिली तर सुट्टी संपेल.

चेन वाळली की तेल. प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेनच्या खालच्या भागाच्या वरच्या अंगाला, म्हणजे आतल्या बाजूने. पेडल सावकाश उलटे फिरवत शंभरावर थेंब मोजायचे असतात. कंटाळवाणे काम आहे हे मान्य. मग दोन मिनिटे पेडल फिरवा, दहा-पंधरा मिनिटे सायकल तशीच राहू द्या आणि त्यानंतर कोरड्या फडक्याने चेन बाहेरून पुसून काढा. हा शेवटचा भाग जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. आपणच घातलेले तेल पुसायचे हे मनाला पटत नाही. पण आत जायचे ते गेलेले असते, बाहेर उरते ते उद्याच्या धुळीसाठी. राहिलेले मळके रॉकेल मोरीत ओतू नका, झाडाच्या बुंध्याशी तर नकोच. बाटलीत भरून जवळच्या गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडे टाकाऊ तेलाचा डबा असतो.

तेल कोणते, यावर प्रत्येक घरात वेगळे मत असते. खोबरेल थंडीत गोठते. आपले कॅडेट अंबाल्याला आणि पठाणकोटलाही राहतात, तिथल्या जानेवारीत ते चेनवर मेणासारखे बसेल. शेंगदाण्याचे, करडईचे तेल काही दिवसांत चिकट होते. मोटरसायकलचे काढलेले काळे तेल फुकट मिळते, पण त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो, म्हणजे धुऊन काढलेली पेस्ट पुन्हा घालण्यासारखेच. घट्ट ग्रीस आत शिरतच नाही. डब्ल्यूडी-४० च्या निळ्या-पिवळ्या डब्याबद्दल कॅडेट मला नेहमी विचारतात. १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी केलेल्या प्रयोगांतून ते आले, चाळीसाव्या प्रयत्नात जमले म्हणून नावात ४०, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून ते आधी वापरले गेले. चिखल सोडवायला, पाणी हटवायला उत्तम. पण फार पातळ, पावसाळी रस्त्यावर त्याचे वंगण टिकत नाही. सायकलच्या चेनसाठी मिळते ते तेल घ्यावे. ते नसेल तर साध्या सायकलला शिवणयंत्राचे तेल चालते, मात्र ते लवकर लवकर घालावे लागते. पाऊस लागल्यावर त्याच दिवशी चेन पुसून थेंब घालावेत. कोकणात किंवा विशाखापट्टणमला राहणाऱ्यांनी खारी हवाही धरावी. जोधपूरच्या रेतीत मात्र तेल कमीच बरे, फडके जास्त.

हे सगळे वाचून पालक म्हणतील, कोपऱ्यावरचा सायकलवाला थोड्या पैशांत करून देतो. देतो, आणि तो चांगलेही करतो. काही घरांत वडील स्वतःच करून ठेवतात. मुलगा चार महिन्यांनी आला आहे, त्याला कशाला हात काळे करायला लावायचे? ही माया मला समजते, मीही बाप आहे. तरी माझे मत असे की हे काम कॅडेटनेच करावे आणि वडिलांनी जवळ बसून गप्पा माराव्यात. सैन्यात गाडीची फर्स्ट परेड आणि लास्ट परेड ड्रायव्हरच करतो. वर्कशॉप कितीही चांगले असले तरी ते त्याच्यासाठी हे करत नाही. यामागचे कारण साधे आहे. रस्त्यावर गाडीचा आवाज बदलला तर तो ड्रायव्हरलाच आधी कळला पाहिजे. ज्याने स्वतःच्या हाताने चेन फिरवली आहे, त्याला अडलेली एक कडी पायाला जाणवते. माझ्या त्या कॅडेटलाही चढाच्या आधी दोन दिवस ‘कट्-कट्’ ऐकू येत होते. त्याने त्यावर तेल घातले.

एका सहकाऱ्याने विचारले, सैनिकी शाळेत सायकलच्या चेनचे एवढे काय? मी त्यांना मलायाची आठवण दिली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी पायदळ सायकलींवरून त्या द्वीपकल्पात उतरले आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. टायर फाटले तर ते नुसत्या रिमवर सायकली हाकत, आणि सायकली दुरुस्त करणारे सैनिक तुकड्यांबरोबरच चालत असत. समोर आपल्याच भारतीय सेनेच्या पलटणी होत्या. सहकारी हसले आणि म्हणाले, तुम्ही सहलीच्या सायकलीवरून सिंगापूरला गेलात. ते त्यांचे बरोबर आहे. पण त्यांच्या दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर आहे. ते म्हणतात, तपासणी दिसते त्याचीच होते, कव्हर कोण काढत बसणार?

मी काढणार. प्राचार्यांना मी लेखी सुचवले आहे की सायकल-तपासणीच्या वीस गुणांपैकी बारा चेनला द्यावेत, पाच ब्रेकला आणि उरलेले तीन चकाकीला. निर्णय व्हायचा आहे. तो काहीही होवो, सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी सायकल स्टँडजवळ पोलादी फूटपट्टी, स्क्रू ड्रायव्हर आणि पांढरे फडके घेऊन उभा असेन. ज्यांना सुट्टीत जमले नसेल त्यांनी साडेसहाला यावे. साबण आणि कोमट पाणी मी आणतो, जुना टूथब्रश आपापला.