फोन दुसऱ्या कुणीतरी करावेत

बाळंतपण म्हटलं की आपलं न्यू जर्सीतलं मराठी मंडळ झटून कामाला लागतं. डब्यांचं वेळापत्रक ठरतं, अळिवाचे लाडू पोचतात, कुणाचा तरी पाळणा एडिसनहून प्लेन्सबरोला रवाना होतो. आईला किंवा सासूबाईंना बोलावून घेण्याच्या व्हिसाबद्दल तर आपल्यात एवढं ज्ञान साठलंय की वकिलांनी येऊन शिकावं. एक काम मात्र कुणीच अंगावर घेत नाही. बाळंतिणीचं मन ठिकाणावर नसेल, तर तिच्यासाठी थेरपिस्ट शोधायचं.

विमा कंपनीच्या यादीत नावं भरपूर असतात. फोन लावला की कळतं, एक बाई नवे रुग्ण घेत नाहीत, दुसऱ्या ती जागा सोडून गेल्या, तिसऱ्या विमाच घेत नाहीत; आधी पूर्ण पैसे भरा, मग पावती घेऊन कंपनीशी तुम्हीच भांडा. उरलेल्या ठिकाणी व्हॉइसमेल. नाव, जन्मतारीख सांगा आणि थोडक्यात तक्रार सांगा. जिला दर दोन तासांनी पाजायला उठावं लागतं, बाळ झोपलं तरी जिचा डोळा लागत नाही, आणि आपण आई व्हायच्या लायकीच्या नाही असं जिला बाळंतपणानंतरचं नैराश्यच दिवसभर ऐकवतं, तिने हे यंत्राला इंग्रजीत सांगायचं. दोन-तीन फोन झाले की ती थांबते. घरच्यांना वाटतं, बरं वाटायला लागलं असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हे फोन तिने करूच नयेत. नवऱ्याने करावेत, बहिणीने करावेत, शेजारणीने करावेत. यातल्या बहुतेक चौकशीसाठी तिचं नावही सांगावं लागत नाही. नवे रुग्ण घेता का, पहिली वेळ केव्हाची मिळेल, अमुक विमा चालतो का, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं खास प्रशिक्षण आहे का, सत्राला बाळ मांडीवर असलं तर चालेल का? उत्तरं एका कागदावर लिहा आणि तीन चांगली नावं तिच्या हाती द्या. वेळ ठरवायचा शेवटचा फोन तेवढा तिचा, कारण संमती तिची लागते. तेव्हाही शेजारी बसा.

आपण न्यू जर्सीत आहोत ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. राज्याचे गव्हर्नर राहिलेले रिचर्ड कोडी यांच्या पत्नी मेरी जो कोडी स्वतःच्या बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल जाहीरपणे बोलल्या, आणि २००६ मध्ये नव्या आईची त्यासाठी तपासणी कायद्याने बंधनकारक करणारं न्यू जर्सी हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. म्हणूनच बाळंतिणीच्या हातात दहा प्रश्नांचं एक पान येतं. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ही एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या तपासणीतही आईला हे प्रश्न विचारावेत, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे. पण एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई, अशा बैठकीत खरी उत्तरं कोण लिहिणार? त्या पाच मिनिटांत बाळाला घेऊन बाहेर फेरी मारा. आजीला तेवढंच निमित्त पुरतं.

पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींना येतं आणि आपोआप ओसरतं. त्यापुढेही तेच चालू राहिलं, किंवा चार-सहा महिन्यांनी नव्याने सुरू झालं, तर सव्वा महिना झाला, आता काय, असं म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत साधारण आठांतल्या एका नव्या आईला ही लक्षणं जाणवतात, असं सीडीसीचे आकडे सांगतात. आपल्या बारशांना तो हिशोब लागू नाही असं समजायला काही आधार नाही.

नावं कुठून मिळवायची? विम्याच्या यादीआधी पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल या संस्थेची यादी उघडा. या विषयाचं प्रशिक्षण घेतलेले लोक तिथे राज्यानुसार सापडतात. त्यांची मदतवाहिनी १-८००-९४४-४७७३. केंद्र सरकारची १-८३३-८५२-६२६२ ही वाहिनी आईसाठी चोवीस तास चालू असते, आणि दुभाष्याचीही सोय करते.

पुण्यातल्या समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर बोललं तर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. बोलायला कुणाची हरकत नाही, आणि काहींना त्याने धीरही येतो. पण इथे उपचाराचा परवाना रुग्ण ज्या राज्यात बसलेला असतो त्या राज्याचा लागतो. त्यामुळे पुण्याच्या बाईंचे पैसे विमा देत नाही, आणि रात्री काही बिघडलं तर इथल्या डॉक्टरशी बोलणारं कुणी नसतं. याच नियमामुळे बहिणीकडे टेक्ससला महिनाभर जायचं असेल तर इथल्या थेरपिस्टला आधी विचारा. आणि विमा नवऱ्याच्या नोकरीचा असला, तर खर्चाचा कागद बहुधा त्याच्या नावाने घरी येतो, हेही तिला आधीच माहीत असू द्या.

थेरपिस्ट मराठीच हवी का? काहीजणींना हवी असते. आई परत गेल्यावर घर कसं खायला उठतं, हे त्यांना इंग्रजीत सांगताच येत नाही. पण काहीजणी मराठी नाव दिसलं की यादीतून खोडतात, कारण गणपतीला त्याच बाई आरतीच्या रांगेत पुढे उभ्या असतात. मला दोघींचं पटतं. चांगली थेरपिस्ट ओळखीतल्या व्यक्तीला सहसा घेतच नाही, तेव्हा दुसरीची भीती थोडी कमी करता येईल. पण निवड तिची. फोन करणाऱ्याने आपलं मत खिशात ठेवावं, आणि फोन का केले हे कुणाला सांगू नये. मंडळात बातमी ईमेलच्याही आधी पोचते.

सत्र व्हिडिओवर असेल तर जागेचा विचार करा. दोन खोल्यांच्या घरात पलीकडे सासूबाई असताना सासूबाईंबद्दल काय बोलणार? कितीतरी जणी पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात. त्या तासाला बाळ कुणाकडे, हेही आपणच ठरवून द्यावं. औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ लांबची मिळत असेल, तर प्रसूतीच्या डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा तेच औषध सुरू करतात, आणि अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत.

हा सगळा सल्ला एका प्रसंगी बाजूला ठेवा. दिवसच्या दिवस झोप नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलत्याच गोष्टी ती खात्रीने सांगते, किंवा जीव द्यायचं बोलते, तर थेरपिस्ट शोधत बसू नका. ९११ लावा, नाहीतर थेट इमर्जन्सीत न्या. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका. जीव नकोसा झाल्याचं नुसतं मनात येत असलं, तरी ९८८ या मदतवाहिनीवर कुणीही, केव्हाही बोलू शकतं.

दोन-तीन सत्रांनंतर ती म्हणेल, या बाईंशी नाही जमत. असं पुष्कळदा होतं आणि त्यात कुणाचा दोष नसतो. तेव्हा कागदावरची उरलेली दोन नावं जपून ठेवा, आणि पुढचा फोनही तुम्हीच करा.